चार मिनिटं पुढे

तीर्थरूप ताईस,

बासष्ट वर्षांच्या धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त लिहिण्यापुरता. मणका सरकल्यापासून डॉक्टरांनी मला वाकायला मनाई केली आहे, पण तुझ्यापुढे मी मनाने कायमच आडवा असतो.) तुझा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तू लिहिलंस की जिना चढताना दुखतो आणि उतरताना दुखत नाही. तेव्हा शक्यतो उतरतच जा. भाऊजींचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. थांबला नसेल तर निदान खोकताना तुझ्याकडे रोखून बघणं तरी थांबलं असावं. इकडे आम्ही सर्व मजेत आहोत. आम्ही सर्व म्हणजे मी आणि माझं दुकान.

तू सोपवलेल्या कामगिरीचा अहवाल देण्यासाठी हे पत्र लिहितो आहे. येत्या एकोणतीस तारखेला भाऊजींना सत्तर पूर्ण होतात आणि त्यांना एक चांगलं घड्याळ द्यायचं तू ठरवलं आहेस. तू लिहिलंस की कुणी वेळ विचारली की ते अजून डाव्या मनगटाकडे बघतात, तिथे काहीच नसतं, मग हसल्यासारखं करतात आणि आत जाऊन भिंतीवरचं घड्याळ बघून येतात. नऊ वर्षं हे बघते आहे, आता बघवत नाही, असंही लिहिलंस. हे वाक्य मी दोनदा वाचलं. (चष्म्याचा नंबर बदलला आहे, म्हणून.) आता बाबांनी तुझ्या लग्नात स्वतःच्या मनगटावरून काढून भाऊजींच्या हातावर बांधलेलं ते घड्याळ नऊ वर्षांपूर्वी न्हाणीघराच्या फळीवरून पडलं, आतल्या चक्राचा आस मोडला, ते माझ्याकडे दुरुस्तीला आलं आणि तसला आस आता जगात कुठेही मिळत नाही, हे मी तुला इतक्यांदा सांगितलं आहे की तो विषय पुन्हा उकरून काढण्यात अर्थ नाही. बाबांनाही तो आवडला नसता. (सगळ्यांची घड्याळं बरोबर लावून देणारे बाबा स्वतःचं मात्र चार मिनिटं पुढे ठेवायचे आणि गिऱ्हाइकाच्या आधी आपण पोचलेलं असावं म्हणायचे, तसा शिस्तीचा माणूस.) तेव्हा नवीन घड्याळ घ्यायचं हा तुझा विचार मला मनापासून पटला. पटला म्हणजे फारच पटला.

आता तुझी लेक. ती हल्ली चांगलं कमावते आणि त्याचे परिणाम आपल्याला भोगावे लागतात. तिच्या बाबांची सत्तरी आहे तर घड्याळ त्या जुन्या जवाहिऱ्यांच्या पेढीतूनच घ्यायचं, असा तिने हट्ट धरला. आणि घड्याळातलं मामाला कळतं, म्हणून मामाने सोबत यायचं. ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी ती माझ्या दुकानाच्या दारात हजर. (आजोबांच्या वळणावर गेली आहे.) त्यामुळे माझी थोडी तारांबळ उडाली, काही गोष्टी आवरायच्या राहून गेल्या, पण ते असो.

तुला माझं दुकान माहीत आहे. जिन्याखाली मी बसतो आणि गिऱ्हाइकाने बाहेर उभं राहायचं. त्या पेढीत आम्हा दोघांसाठी जी खोली उघडली तिच्यात माझी चौदा दुकानं मावली असती आणि वर एका सोफ्याला जागा उरली असती. दारावरच्या गृहस्थाने इतक्या अदबीने दार उघडलं की मीच त्याला नमस्कार केला. त्याने उलट केला, मग मला पुन्हा करावासा वाटला, शेवटी तुझ्या लेकीने माझं कोपर धरून मला आत ओढलं. या घराण्याला पाच पिढ्या झाल्या आहेत, हे आम्हाला भिंतीवर, कपावर, हात पुसायच्या रुमालावर आणि ग्लासाखालच्या चकतीवर सांगण्यात आलं. पहिल्या पिढीची मोठी तसबीर होती. भरघोस मिशा, कोट, आणि कोटाच्या खिशात शिरणारी सोन्याची साखळी. त्या साखळीच्या टोकाला कुठलं घड्याळ होतं असं मी विचारलं, तर आजवर हे कुणी विचारलं नव्हतं असं कळलं.

मग पांढरे हातमोजे घातलेली एक गोड मुलगी मखमलीच्या ताटात एकेक घड्याळ मांडत गेली. घड्याळ हा शब्द तिथे वापरत नाहीत. निर्मिती म्हणतात. पहिल्या निर्मितीवर आकडेच नव्हते. बाराच्या जागी एक हिरा आणि बाकीचं आपण समजून घ्यायचं. दुसरीवर सोन्याचं झाकण होतं आणि वेळ बघायची तर कळ दाबून ते उघडायचं, म्हणजे भाऊजी नळाचं पाणी जाण्याच्या आत उघडू शकले असते की नाही शंकाच आहे. तिसरीची तबकडी शिंपल्याची आणि काटेही त्याच रंगाचे. मी तुझ्या लेकीला किती वाजले असं विचारलं. तिला चष्मा नाही, तरी तिनेही अंदाजच सांगितला. प्रत्येकीला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली, ती पालथी. एक मी उलटी करून पाहिली. आधी वाटलं, अनुक्रमांक असावा. शेवटी न राहवून मी त्या मुलीला हळूच विचारलं की यात आमच्या भाऊजींना वेळ दिसणार कशी? ती म्हणाली, “काका, वेळ तर मोबाइलवरही दिसते.” ताई, अडतीस वर्षांच्या माझ्या धंद्याचा निकाल इतक्या गोड आवाजात आजवर कुणी लावला नव्हता.

आता झालेल्या गोंधळाबद्दल. (तुझी लेक फोनवर सांगेलच, तर आधी माझ्याकडून ऐकलेलं बरं.) ताटातली अकराही घड्याळं बंद होती आणि अकराही दहा वाजून दहा मिनिटांवर. काटे तसे ठेवले की घड्याळ हसल्यासारखं दिसतं, ही आमच्या धंद्यातली जुनी रीत आहे, मला ठाऊक आहे. पण समोर अकरा घड्याळं बसली आहेत, सगळी हसताहेत आणि एकही चालत नाही, म्हणजे लग्नाच्या फोटोतल्या आपल्या नातेवाइकांसारखंच झालं. ती मुलगी आणखी काही आणायला आत गेली, तुझी लेक ऑफिसच्या फोनवर बोलत खिडकीशी गेली, आणि मी एकटा उरलो. बंद घड्याळ पुढ्यात आलं की माझी बोटं माझी परवानगी घेत नाहीत. पहिल्याला चावी दिली. मग दुसऱ्याला वाईट वाटायला नको. असं करत अकराही घड्याळांना चावी देऊन काटे जागेवर आणले, आणि ती मुलगी परत आली तेव्हा सगळं ताट टिकटिकत होतं. मला तर फार बरं वाटलं. तिचा चेहरा मात्र पडला.

व्यवस्थापक आले. पन्नाशीचे, सुटातले. अशा ठिकाणी ओरडत नाहीत, आवाज खाली आणतात, आणि त्यानेच जास्त घाम फुटतो. या घराण्याच्या निर्मितीला घराण्याच्या कारागिराखेरीज कुणी हात लावत नाही, असं त्यांनी फार सभ्यपणे सांगितलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाले की शिवाय आपण सगळी चार मिनिटं पुढे लावली आहेत. मी म्हटलं, माझ्या हातातल्या घड्याळावरून लावली. (माझ्या हातात एक साधं, जुनं घड्याळ असतं. त्यात विशेष काही नाही. पुढे वाच.) त्यांनी ते बघायला मागितलं. मी नाही म्हणायला हवं होतं, पण त्यांनी खिशातून भिंग काढलं, आपल्यासारखंच, कडेचा रंग उडालेलं, तेव्हा मी घड्याळ काढून त्यांच्या हातात दिलं. हा माणूसही एकेकाळी बाकावर बसून घड्याळं उघडणारा निघाला. त्यांनी हातमोजे न घालता मागचं झाकण काढलं आणि भिंग डोळ्याला लावलं. मग विचारलं, हा आस कुठे मिळाला? मी म्हटलं, मिळाला नाही म्हणून केला. सुईच्या पोलादाचा, हाताने कातून. सात मोडले, आठवा बसला. त्यांनी त्या मुलीला बोलावलं, आणखी दोघांना बोलावलं आणि सगळ्यांना भिंगातून बघायला लावलं. म्हणाले, “असं काम आता आमच्याकडेही कुणाला जमत नाही.” ताई, माझे कान लाल झाले. अडतीस वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं. हे मी दुसऱ्या कुणाला सांगणार नाही, तू घरची म्हणून लिहिलं.

त्यानंतर आमची बडदास्त बदलली. कॉफी पुन्हा आली, या वेळी मोठ्या कपात. त्या मुलीने हातमोजे काढून पर्समधून आईचं बंद पडलेलं घड्याळ काढलं. आत नुसता कचरा होता, तो मी तिथल्या तिथे काढून दिला. आणि व्यवस्थापकांनी स्वतः एक घड्याळ दाखवलं. ठळक आकडे, काळे काटे, खाली एका खिडकीत चंद्राची कला दिसते. भाऊजी रोज गच्चीवर जाऊन चंद्र बघतात. आता खोकला असेल तेव्हा घरात बसून बघतील. तुझ्या लेकीने ते शनिवारपर्यंत बाजूला ठेवायला सांगितलं आहे. माझं स्पष्ट मत, हेच घ्या. एकदा हे हातात आलं की भाऊजींना जुन्याची आठवणही राहणार नाही. घ्याच.

भाऊजींना माझा नमस्कार सांग, फक्त घड्याळाचा विषय निघणार नाही अशा बेताने सांग. गुडघ्याला जप.

तुझा आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. बाबांच्या घड्याळाबद्दल तू पुन्हा विचारशील म्हणून आधीच लिहून ठेवतो. आस अजून मिळालेला नाही.

दुसरा ता. क. पाकीट बंद करण्याआधी पत्र एकदा वाचून काढलं. माझ्यासारखा मूर्ख मीच. वर मी चार मिनिटं लिहिलं आहे, आस लिहिला आहे, सुई लिहिली आहे, इतकंच काय सात मोडले हेही लिहिलं आहे. एका व्यवस्थापकाने पाठ थोपटली आणि मी स्वतःच्या हाताने कबुलीजबाब लिहून दिला. ती पानं फाडून नवीन लिहावीत असं मनात आलं होतं. पण ते कौतुक पुन्हा गाळून लिहायचं माझ्याच्याने होईना. तेव्हा ऐक. पहिली दोन वर्षं ते खरंच बंद होतं. पुढची सात वर्षं ते माझ्या हातात चालू आहे. तुझी लेक दुकानात यायची तेव्हा खणात ठेवायचो, आणि त्या दिवशी ती अर्धा तास आधी आली. तुझ्या लग्नात बाबा मला म्हणाले होते, तुला काय, तुझ्या हाताखाली शेकडो घड्याळं येतील. आली. सगळी दुसऱ्यांची. मला ते हवं होतं, ताई. तेव्हाही हवं होतं. मी त्यांच्या शेजारी बसून काम शिकलो आणि घड्याळ जावयाला मिळालं, हे मी इतकी वर्षं कुणाला बोललो नाही, आणि दुरुस्तीला आलं तेव्हा मला त्याचा आनंद झाला. याची लाज वाटते.

तिसरा ता. क. पेढीच्या पायऱ्या उतरताना तुझ्या लेकीने मला विचारलं, मामा, किती वाजले? मी मनगटाकडे बघून सांगितलं, पावणेसहा. ती म्हणाली, “म्हणजे अजून चार मिनिटं आहेत.” कोपऱ्यावर मला निरोप देताना एवढंच म्हणाली, “आईला पत्र तूच लिही, मामा.” हे मी वर लिहिलं नव्हतं.

चौथा ता. क. काल घड्याळ काढून, पुसून, डबीत ठेवलं. आज सकाळी एका गिऱ्हाइकाने वेळ विचारली. मी मनगटाकडे बघितलं. तिथे कातडीवर नुसता पांढरा पट्टा उमटलेला होता. मग मी हसल्यासारखं केलं आणि भिंतीकडे वळलो. माझी एका सकाळीच ही गत झाली, ताई, आणि भाऊजींनी नऊ वर्षं काढली.

पाचवा आणि शेवटचा. तुझ्या लेकीला सांग, चंद्राचं घड्याळ नको. एकोणतीसला मी स्वतः येतो आणि भाऊजींच्या हातावर ते बांधतो, बाबांनी बांधलं तसं. त्यांना काय सांगायचं ते मी येईपर्यंत ठरवीन. तू मात्र आधी काही बोलू नकोस. आता एक विनंती, खरं तर पत्र त्यासाठीच लिहिलं असं समज. असल्या जुन्या घड्याळाला वर्षातून एकदा तेल आणि सफाई लागते. त्यासाठी ते दर वर्षी महिनाभर माझ्याकडे पाठवायचं. (काम एका दुपारचं आहे हे बाबांच्या मुलीला कळतं, मला ठाऊक आहे. तरीही महिनाभर.)