मंडळाचा पासवर्ड

४ फेब्रु. २००७, रविवार. हिंगोली
विहाराच्या हॉलात संगणक मंडळाची बैठक. मुद्दा एकच, सभासदांना निरोप कसे द्यायचे. अशोकनं इंटरनेटवर गट उघडून आणला होता. सूचना, धडे, सगळं तिथंच टाकायचं म्हणे. मी म्हटलं, पुसेगावात कॅफे न्हाई, बायकांनी बघायचं कुठं? साधे मोबाईलवर मेसेज पाठवू. "मेसेजवर मंडळ चालतं व्हय? मागासच ऱ्हायचं का आपण?" अशोकच्या या बोलण्यावर लोक हसले. हात त्याच्या बाजूनं वर.
माझा नवरा. तोंडावर 'तुमी' म्हणते. इथं 'तो'. यापुढं नुसता अ.

१० फेब्रु.
गटाचा पासवर्ड मागितला. "तुला कशाला? मी हाये न." मंडळ दोघांनी काढलं. संगणक शिकायला बायका जमवायला दारोदार मी फिरले. तेव्हा हा उन्हाला भ्यायचा.

१८ फेब्रु.
मंदा आली, पुसेगावची. एवढ्या जिद्दीनं शिकलेली दुसरी कोणी नाही आमच्यात. औंढ्याच्या संगणक केंद्रात शिकवायला दोन बायका घ्यायच्या होत्या. मुलाखती होऊनही गेल्या. सूचना फक्त गटावर. दोन्ही जागा हिंगोलीतल्या बायकांना, ज्यांच्या घरात इंटरनेट आहे.
"ताई, तुमाला बी म्हाईत नव्हतं?"
नव्हतं. आठवडाभर याच्या ताटात भाकरी वाढली, एका शब्दानं बोलला नाही. विचारलं तर, "गटावर टाकलं होतं. वाचायची सवय लावा."
मंदा पाणीसुद्धा न पिता गेली.

२० फेब्रु.
झालं ते सगळं गटावर लिहिलं. मराठीत. 'संदेश मंजुरीसाठी थांबला आहे.' मंजूर करणारा शेजारच्या खोलीत वरण ओरपतोय.

२३ फेब्रु.
अजून थांबलेलाच. म्हणे, मराठी अक्षरं लोकांना दिसत नाहीत, नुसते चौकोन दिसतात. खोटारडा. त्याच्याच स्क्रीनवर मी माझं पत्र अख्खं वाचलं.

२५ फेब्रु., रविवार
बैठकीत उभी राहिले. निरोप मोबाईलवर जातील, पासवर्ड दोघांकडे राहील. असा ठराव मांडला.
अ. : "घरचं भांडण इथं काहून आणून राहिली?"
मागून मंदा उठली. "दादा, भांडण तुमच्या घरचं असल. नोकरी माझी गेली."
कोणी हसलं नाही. मग हात वर झाले, या वेळी आमच्या बाजूनं. पासवर्ड? "देत न्हाई. गट मी उघडलाय." उठून चालता झाला. खुर्च्या आम्ही बायकांनीच आवरल्या.

२८ फेब्रु.
पहिला निरोप सगळ्यांना गेला. शिरड शहापूरहून, सिद्धेश्वरहून लगेच उत्तरं. मंदाचं सगळ्यांत आधी : मिळाला ताई.
घरात बोलणं बंद. बरं वाटतंय, हे लिहायला लाज वाटत नाही.

४ मार्च, रविवार
सकाळी अ.नं स्वतः चहा केला. माझा कप पुढं सरकवला. "पासवर्ड देतो. पण आज बैठकीत सगळ्यांसमोर माफी माग."
"कोणी?"
"तू. चारचौघांत इज्जत घालवली माझी."
चहाला हात लावला नाही. मंदा बसमध्ये बसली, मेसेज आलाय. माफी मागायचीच तर तिची मागायची, आणि ती यानं. हे त्याला तोंडावर सांगितलं. तो आत जाऊन शर्ट बदलतोय. बैठकीला येतोय की दुसरीकडं कुठं, विचारलं नाही. मी निघते.