खोटी तक्रार

१२ मार्च

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

सहा वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. आईला हल्ली कमी ऐकू येतं, पण तिच्याबद्दल कुजबुजलेलं मात्र बरोबर पोचतं.

बातमी अशी, की सुईणींच्या परवान्याचा नियम बदललाय. परराज्यात शिकलेल्यांना आता पुन्हा परीक्षा नको, दहा वर्षांचा अनुभव पुरे. तुझा तर तिकडचाच चौदा वर्षांचा. तुला न विचारताच मी परवाना मंडळाच्या कचेरीत चौकशीला गेले.

कारकूनबाईंनी तुझी फाईल काढली. "यांना नाही मिळणार. विनापरवाना बाळंतपण केल्याची तक्रार आहे. हयगयीमुळे रक्तस्राव झाला, असं लिहिलंय."

"कोणी केली?" मी विचारलं. का विचारलं, कोण जाणे. त्यांनी कागद माझ्यापुढे फिरवला.

सही माझी होती, छोटे.

तुला वाटायचं, आपल्या गल्लीतल्या शिंप्याच्या आईने केली. मी वाटू दिलं. त्या दिवशी त्याच्या बायकोला इस्पितळात न्यायला वेळच नव्हता. तू होतीस म्हणून ती वाचली. मी पोचले तेव्हा रक्त थांबलं होतं, बाळ रडत होतं, तू हात धूत होतीस. जिन्यात तिची सासू मला म्हणाली, "पुढच्या खेपेला आम्ही धाकटीलाच बोलावणार." वीस वर्षं या गल्लीतली बाळं माझ्या हातांवर आली होती. तेच माझ्या पोटात दुखलं. तू धुलाईच्या कारखान्यात चादरी उपसायला गेलीस, तेव्हाही मी गप्प बसले.

"तक्रार मागे घेते," मी म्हटलं.

"तसं नाही होत, बाई. खोटी होती असं लिहून द्यावं लागेल. मग तुमचा परवाना जाईल."

लिहून दिलं. धैर्य वगैरे काही नाही. काल दवाखान्याची किल्लीही देऊन आले.

अठ्ठावीस तारखेला सुनावणी आहे. तुला बोलावणं येईल, तेव्हा कामावर रजा टाक. हिला काय शिक्षा व्हावी, असं तुला विचारतील. माझं वय बघू नकोस, आईचा विचार करू नकोस. मनात असेल ते बोल. मी समोरच बसलेली असेन.

क्षमा मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही.

जिला तू ताई म्हणायचीस,
ती