गाऱ्हाण्यातलं शेवटचं वाक्य

तोंडवली,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय सारू,

तुला आशीर्वाद, मुलींना गोड पापे, सासू-सासऱ्यांना नमस्कार. तू फोन उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस, म्हणून कागद घेतला. माझं अक्षर लागलं नाही तर मुलींकडून वाचून घेऊ नकोस. एकटीनेच वाच.

इकडे कापणी आटोपली. किनाऱ्यावर पर्यटक यायला लागलेत. शेजारच्या काशीबाईंनी दोन खोल्या भाड्याला काढल्यात आणि गरम पाण्याचे वेगळे पैसे लावतात. एरवी मी त्यांची चेष्टा केली असती. बाबा बरे आहेत, असं लिहिणार होतो. बरे नाहीत. जेवण अर्ध्यावर आलंय. दिवाळीत गावकरी देवाला गाऱ्हाणं घालायला बोलवायला आले, तर ‘माझो आवाज येना नाय’ म्हणाले आणि आत जाऊन बसले.

बाबा उभे राहीनात म्हणून रखडलेली माझी गाऱ्हाण्याची वेबसाइट मी गेल्या आठवड्यात कायमची बंद केली. धंदा चांगला चालला होता गं. मुंबईकराने घरबसल्या फॉर्म भरायचा, इथे बाबा देवळात रवळनाथासमोर उभे राहून त्याचं मागणं मागणार, मागे चार माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणणार, आणि त्याचा व्हिडिओ त्याच्या फोनवर. ऑनलाइन कोर्समध्ये शिकलो होतो, मूळ भाव कमी ठेवा, कमाई वरच्या जोडण्यांवर करा. म्हणून दोनशे एक्कावन्न रुपयांत नारळ आणि चार नावं. पाचव्यापासून दर नावाला एक्कावन्न. पैसे भरण्याआधी पडद्यावर प्रश्न यायचा, ‘अजून कोणी राहिलं का?’ तो प्रश्न माझ्या डोक्यातला. लोक घाबरून मेव्हण्याचं, भाडेकरूचंसुद्धा नाव घालायचे. मला त्याचा केवढा अभिमान होता!

शिमग्याआधी तूही फॉर्म भरलास, गुपचूप, परक्या गिऱ्हाइकासारखा. सासू, सासरे आणि दोन्ही मुली. तुझं आणि जहाजावर असलेल्या दीपेशरावांचं नाव नाही. दुसऱ्या दिवशी फोनवर हसत होतीस. ‘दादा, तुझे एकशे दोन रुपये बुडवलंय बघ. आमी दोघां बाबांच्या शेवटच्या वाक्यात येतंव.’

ते वाक्य आपण लहानपणापासून ऐकलेलं. ‘आणि जी नावां माझ्या तोंडात येवक नाय, ती पण तुझीच लेकरां. तेंका सांभाळ रे म्हाराजा.’

सारू, बाबांनी ते वाक्य तुझ्या गाऱ्हाण्यात म्हटलं नाही. मीच डिसेंबरात काढायला लावलं होतं. सगळे फुकटात येणार असतील तर पाचवं नाव विकत कोण घेणार? बाबांना मी सांगितलं, व्हिडिओ लांबतो. ‘ह्या वाक्य माझा नाय रे, माझ्या बापाशीचा,’ एवढंच म्हणाले. मग मुलाच्या धंद्यासाठी ते सोडून दिलं.

तुझा फोन आला तेव्हा सांगता आलं असतं, बाबांकडून ते वाक्य देवासमोर म्हणवून घेता आलं असतं. देऊळ दहा मिनिटांवर, बाबा अंगणातच बसलेले. पण तुझ्यासमोर लाज वाटली. मी तुला ‘कंजूस’ म्हणालो आणि विषय बदलला.

त्या गाऱ्हाण्यानंतर बाराव्या दिवशी जहाजावरून खबर आली.

नाव घेतलं नाही म्हणून माणूस समुद्रात पडत नाही. डेक ओला होता, दोर तुटला, कंपनीच्या कागदावर तसंच लिहिलंय. हे मी स्वतःला रोज सांगतो. पण तो व्हिडिओ माझ्याकडे आहे, तुला मी तो पाठवलाच नाही. त्यात नावं संपतात आणि बाबा थांबतात. ओठ हलतात, आवाज नाही. आणि मागची चार माणसं नेहमीच्या सवयीने म्हणतात, ‘व्हय म्हाराजा.’ काहीच मागितलेलं नसताना! आता मी कुडाळच्या बाजारात भर दुपारी भाजी घेत असलो तरी मागून तो हुंकार ऐकू येतो. मी वळून बघतो. लोक हसतात.

दीपेशरावांच्या तेराव्याला तू बाबांना विचारलंस, ‘सगळ्यांसाठी मागलात ना? मगे माझोच कसो गेलो?’ बाबा मान खाली घालून बसले. मी दारातच होतो. एक शब्द बोललो असतो तर तुझा राग माझ्यावर आला असता. मी चहाचे कप उचलून आत गेलो. त्या दिवसापासून तू बापाशी बोलली नाहीस, आणि ते देवासमोर उभे राहिले नाहीत.

परवा मी धीर करून विचारलं, बाबा, तुम्ही तिला खरं का सांगितलं नाहीत? ते खळ्याकडे बघत म्हणाले, ‘तिचो घोव गेलो रे. तेच्यार तिचो भाव पण घालवू?’

त्यांनी आठ महिने तुझ्यासाठी तुझा भाऊ राखला. त्यात ते स्वतः संपत आलेत. म्हणून मी हे लिहून टाकलं. आता मला घालव, पण बाबांना फोन कर. आजच कर. ते उचलतील, मी घरात नसेन.

खाली ‘तुझा दादा’ लिहिण्याचा हक्क मला आहे असं वाटत नाही, म्हणून नुसताच,

सुदेश