आबांच्या ठासणीच्या बंदुकीचा भाव

४ एप्रिल १९९९, डाळज
कऱ्हाटीहून आलो. डोकं अजून तापलंय. सर्जेराव तात्या आबांच्या ठासणीच्या बंदुकीचं चाळीस हजार म्हणतोय. चाळीस! म्हाताऱ्याला जनाची न्हाय ती न्हाय, मनाची तरी?

ही बंदूक आमचीच. मेंढरं होती तवा लांडग्यासाठी आबांच्या, माझ्या वडलांच्या, उशाला असायची. मेंढरं मोडली त्या साली आबांनी ती तात्याला दिली, सातशेला, रीतसर कागद करून. तात्या आमच्या ओट्यावर बसून म्हणला होता, "आबा, लागली तर कवाबी न्या, त्याच पैशात." मी तिथंच होतो. आमची भाकरी खाऊन बोलला होता.

मी आज आपण होऊन तीन हजार म्हणलो. तर हसला. त्याच्या पुण्याच्या जावयानं इंटरनेटवरचा कागद छापून आणलाय. अमेरिकेत असल्या जुन्या बंदुकीला नऊशे डॉलर मागतेत म्हणं. अरे मागतेत आन कुणी देतंय, ह्यात फरक हाय का न्हाय? मी माझ्या खटारा मोटरसायकलीचं लाख मागीन. घेतंय कोण?

पीक संरक्षणाचा परवाना दोन वर्षं खेटं घालून मिळवला. त्यावर हत्यार घ्यायची मुदत ३१ मे. तवर न्हाय घेतलं तर परवाना गेला. तिकडं डुकरं मका लोळवत्यात.

आबांनी विचारलं, "आणली का?" म्हणलं, कागदं राहिल्यात. खोटं बोललो.

११ एप्रिल
परत कऱ्हाटीला गेलो. जावयानं बंदुकीचा फोटोच इंटरनेटवर टाकलाय. विकणे आहे. खाली इंग्रजीत 'शिवकालीन'. आबांनी पुण्याच्या दुकानातनं नवी कोरी घेतली तवा मी पाचवीत होतो! मग मी बी शिवकालीन.

जावई म्हणतो, "पाव्हणं, जगातनं कुठूनबी गिऱ्हाईक येईल." म्हणलं, येऊ दे की. कऱ्हाटीच्या स्टँडवर उतरंल, फौजदाराकडं परवानगी मागंल, बंदूक काखेत मारून विमानात बसंल. तर तोंड वाकडं केलं. भाव आता पंचावन्न.

तात्या माझ्याकडं बघतच नव्हता. जनावरांना पाणी दाखवायला उठला. मघाशीच दाखवलेलं.

१८ एप्रिल
इंदापूरला एकाकडं दुसरी ठासणीची हाय असं कळलं म्हणून गेलो. घोडा ढिला, नळीला तडा. बार काढला तर आपलंच थोबाड जाईल. म्हणतो तीस हजार. का? तर "नेटवर लई भाव चाललाय." ह्याच्या घरी फोन न्हाय!
सगळा तालुका येडा झालाय त्या एका कागदापायी.

घरी ही म्हणाली, "सोडा की नाद. फटाकं वाजवा डुकरांना." डुकरांना फटाकं पुरत्याल. आबांना काय सांगू? रोज दुपारी बंदुकीचा दस्ता धरल्यागत मुठी करून बसतेत. डोळं गेल्यापास्नं सगळं हातानं वळखतेत. मरायच्या आत एकदा हातात पायजे, एवढंच म्हणणं हाय त्यांचं.

२ मे
हे लिहू का नको.

पहिली पाळी सुटली. एमआयडीसीत आमच्या कंपनीमागं पॉलिशचं वर्कशॉप हाय, तिथं चहाला थांबलो. बघतो तर तात्याचा जावई. पोत्यात गुंडाळून नळी आणलेली. भांड्यागत चकाचक करायची म्हणं, फोटोत उठून दिसंल. दस्ताबी वेगळा काढलेला. दस्त्यावर आबांनी आमच्या मेंढरांच्या कानाची खूण कोरली होती, दोन खाचा आन एक तिरपी. त्या खाचांत सुतार लाकडाच्या भेगांत भरतेत ती लांबी भरून वर पॉलिश मारलेलं. दार वाटतंय कपाटाचं.

नळीच्या बुडाला, बार पेटायचं भोक असतं त्या कानाजवळ, नंबर हाय. बारीक, झिजलेला. परवान्यावर तोच चढतो. नळी चाकावर धरली तवा मला तो आठवला. नंतर न्हाय, तवाच. हातात चहाचा गलास होता.

बोललो न्हाय.

मनात आलं, जाऊ दे नंबर. बिननंबरची कोण घेतंय? मग येईल तात्या माझ्याच दारात, सातशेत. लई गार वाटलं. दुसरा चहा घेतला.

१४ मे
परवाना नवा करायला तात्यानं बंदूक पोलीस ठाण्यात दाखवायला नेली. नंबरच न्हाय. फौजदारानं बंदूक ठेवून घेतली, तात्याला दिवसभर बाकावर बसवलं. चोरीची म्हणतेत. परवान्यावरची बंदूक विकून ही कुठली आणली, असं विचारतेत.

मला हसू आलं. खरंच आलं. मग ही म्हणाली, "आता तुमच्या परवान्यावर ती चढवायची कशी?"
हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. नंबर न्हाय तर ती कुणाचीच न्हाय. माझीबी न्हाय. गाढव हाय मी. शाळा शिकलेलं गाढव.

२३ मे
तात्या आला. एष्टीनं, एकटा. ओट्यावर त्याच जागी बसला. जावई फोन उचलत न्हाय म्हणं.

"नामदेव, पैसं नगंत मला. फुकट ने. फौजदार म्हणतोय, मूळ मालकानं वळखून जबाब दिला तर वर कळवतो, नंबर परत ठोकून मिळंल. न्हायतर केस. ह्या वयात मला आत घालत्याल रं."
"चाळीस हजाराची वस्तू फुकट कशी नेऊ, तात्या? का पंचावन्न?"
चहा केला होता, प्याला न्हाय.

आत आबांनी आवाज वळखला. "सर्जा हाय का? भाकरी वाढा त्याला." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भाकरी वाढली.

३० मे
आबांना जीप करून ठाण्यात नेलं. हात धरून टेबलापाशी आणलं. फौजदारानं बंदूक पुढं केली. तात्या भिंतीला उभा, टोपी हातात.

आबांनी नळीवरनं हात फिरवला. वरनं खाली, खालनं वर. मग दस्ता. अंगठा खुणंच्या जागी थांबला. तिथं काचंगत गुळगुळीत. परत चाचपलं. तिसऱ्यांदा.

"ही माझी न्हाय," आबा म्हणालं. "माझी खडबडीत व्हती."

तात्या खाली बसला. "आबा, अवं तीच हाय! आबा!"
"सर्जा, खोटं कशाला बोलू? माझी कुठं घालवलीस?"

फौजदारानं माझ्याकडं बघितलं. "तुम्ही मुलगा ना? तुम्ही सांगा. हीच का?"
म्हणलं, साहेब, उद्या सांगतो. आबांना आधी घरी नेतो. म्हणाले, उद्या बारापर्यंत, नंतर मी कागद रंगवणार.

जीपमधी आबांच्या मुठी उघड्या होत्या.

३१ मे, सकाळ
दस्त्यातली लांबी खिळ्यानं उकरली तर दोन खाचा आन तिरपी निघंल. आबांचा अंगठा त्यावर ठेवला की झालं. तात्या सुटंल. आबांना बंदूक मिळंल. परवान्याचीबी आज शेवटची तारीख.
पण फौजदार विचारणार, लांबी भरल्याचं तुम्हाला कसं ठाऊक? आन नंबर घासताना तुम्ही कुठं होता? आबा शेजारी बसून ऐकणार.

साडेनऊ झालेत. खिळा खिशात घेतलाय. आबा ओट्यावर बसलेत. म्हणतेत, मी न्हाय येत, ती माझी न्हाय.