हिनारूची जुनी मोटर

हुलसूर, ८ मे २००९

ती. किरणअण्णांस नमस्कार,

तुम्ही सत्त्याण्णव साली मस्कतहून आणलेली जपानी हिनारू कंपनीची रिमोटगाडी काल चिटगुप्प्याच्या शर्यतीत पहिली आली. फोनवर तुम्ही म्हणालात, "म्हणलो न्हवतो, हिनारू ती हिनारूच." मी नुसतं "व्हय" म्हणालो.

अण्णा, तिची मोटर गेल्या वर्षीच जळाली. मी आत चिनी बसवली आहे.

हरलेला सिद्धराम आज माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आला. कायम स्वतःच्या तैवानी गाडीचे गोडवे गाणारा तो हळूच म्हणाला, "आत काय घातलास ते माझ्याबी गाडीत घाल. पर कुणाला सांगू नको."

तुमची जुनी मोटर डब्यात जपली आहे. हे पत्रही तिच्याशेजारीच ठेवतो. सुट्टीला आलात की आधी गाडी पळवा. डबा मग उघडू.

तुमचा धाकटा,
रविकुमार