सत्तेचाळिसाव्या पानावरची सही

दुर्गाघाट, वाराणसी
१४ नोव्हेंबर २०२४

चि. निमिष यास हिमानीताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे ठीक. उद्या देवदिवाळी, गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. आईचे गुडघे दुखतात, तरी शुक्रवारी संकठादेवीला गेल्याशिवाय ती राहत नाही. तुझ्यासाठी प्रसाद बांधून आणते आणि चार दिवसांनी मुकाट्याने मुंग्यांना घालते. रामनगर काही लांब नाही, पूल ओलांडला की झालं. पण तू फोन उचलत नाहीस, आणि तू शिकवतोस त्या कोचिंगच्या दारात मी येऊन उभी राहिले तर तू वर्ग सोडून निघून जाशील. म्हणून हे टपालाने.

आईला अजून तुझं चपलांचं उदाहरण आठवतं. "मावशी, आपल्या जिवाणूत बाहेरचा जीन घातलाय. त्यातून जे एन्झाइम निघतं ना, तो असा कारागीर, की फक्त उजव्याच पायाच्या चपला शिवणार. औषधाला डावी चालत नाही." औषधासाठी आपण बनवत होतो ते दुर्मिळ अमिनो आम्ल, त्याची उजवी-डावी रूपं तिला कळली नाहीत, चपला कळल्या. माझ्या शोधनिबंधात तो कारागीर शंभरात नव्याण्णव उजव्या शिवत होता. त्याच निबंधावर मला कायमची नोकरी लागली.

बरं, सरळ लिहिते. काल पुण्याच्या एका कंपनीचं पत्र आलं. आमच्याच पद्धतीने त्यांना ब्याऐंशी उजव्या आणि अठरा डाव्या मिळतात. तुझाच आकडा.

तीन वर्षांपूर्वी तू प्रयोगांची वही घेऊन आला होतास. "ताई, तीनदा केलं गं, हर बार यही आता है." मी पानावर सही केली नाही. वरिष्ठाच्या सहीशिवाय पान ग्राह्य धरत नाहीत, हे तुलाही माहीत होतं. वर लाल शाईने लिहिलं : हात स्वच्छ ठेवा, पुन्हा करा. तू पुन्हा केलंस, चार महिने. मग आपल्या लॅबचे सर मीटिंगमध्ये म्हणाले, "इनसे नहीं होगा." मी मान खाली घालून चहा ढवळत राहिले. तुझी फेलोशिप बंद झाली.

आता ऐक. लाल शाईने लिहिलं त्याच दुपारी, तू खोलीतून गेल्यावर, मी माझी जुनी वही काढून पाहिली. माझा नमुना मोजायला देण्याआधी मी त्याचे स्फटिक पाडून धुतले होते. डाव्या तिथेच बेसिनमध्ये वाहून गेल्या. नव्याण्णवची करामत धुण्याची होती, एन्झाइमची नव्हती. इथवर चूक म्हण. पण पुढच्या सोमवारी माझी मुलाखत होती, म्हणून वही कपाटात ठेवून मी कुलूप लावलं. तू चार महिने राबलास ते सगळे दिवस मला ठाऊक होतं.

पुण्याचं पत्र आलं नसतं तर हे लिहिलं असतं का? नसतं. खोटं कशाला बोलू? आणि तुझाही राग येतो रे. एकदा तरी भांडायचं होतंस, निदान मावशीसमोर. वही टेबलावर ठेवून गुपचूप निघून गेलास. तिला अजून वाटतं, तुझंच मन लागलं नाही. आज जेवताना तिला सगळं सांगणार आहे.

निबंध मागे घेत असल्याचं सकाळी नियतकालिकाला कळवलं. त्यात तुझा आकडा आहे, तुझ्या नावासकट. सर बोलत नाहीत. नोकरीचं व्हायचं ते होईल.

सोबत तुझी वही. सत्तेचाळिसावं पान उघड. लाल शाईखाली जागा उरली होती. जुनी तारीख घालणार होते, धजले नाही. लिहिलंय ते असं :

तपासले. आकडा बरोबर आहे. हात स्वच्छ होते.

हिमानी
१४ नोव्हेंबर २०२४