मुकादमाने नेलेली शेळी

आई, तुझा मला अजून राग येतो. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर पुढे गोड गोड लिहीत बसेन आणि तुला वाटेल पोरगं सुधारलं. मी जर्मनीत आहे, फ्रँकफुर्टला लागून एश्बॉर्न म्हणून गाव आहे तिथे. जिकडे बघावं तिकडे काचेची ऑफिसं. त्यातल्या लोकांना दुपारी डाळ, पनीर, रोटी करून घालायची, हे माझं काम. पुण्या-मुंबईची मराठी पोरंही येतात, गळ्यात ऑफिसचे पट्टे अडकवून. परवा एकाने माझ्या गळ्यातला क्रॉस बघून विचारलं, "दादा, इकडे आल्यावर ख्रिश्चन झालात का?" म्हटलं, "नाही साहेब, आजोबाच्याही आधीपासून. नगर जिल्ह्यातला आहे मी." तो म्हणाला, "अच्छा, असं पण असतं का." आणि जादा लोणचं मागितलं. असतं म्हणावं. तुझ्यासारखीही असतात, शेळी देऊन मोकळी होणारी.

हंगामाची उपकारस्तुती म्हणजे तुझा वर्षातला मोठा दिवस, नाताळपेक्षा मोठा. ज्याच्या घरी जे पिकलं ते वेदीपुढे नेऊन ठेवायचं, बाजरीची कणसं, भोपळे, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या. उपासना संपली की चर्चच्या अंगणात त्याचा लिलाव, पैसा मंडळीच्या कामाला. एका वर्षी एका लिंबावरून दोन व्याही हट्टाला पेटले होते आणि लिंबू बैलाच्या किमतीला गेलं होतं, तेव्हा तू पोट धरून हसली होतीस. शेळीच्या वर्षी मी नववीत होतो. उन्हाळ्यात मला कावीळ झाली आणि तू देवाला बोललीस, पोरगं उठलं तर शेळी तुझी. पोरगं उठलं. घरात दुभतं तेवढं एकच होतं. तू तिला आंघोळ घातलीस, शिंगांना तेल लावलंस आणि दोरी धरून अशी निघालीस, जसं काही लेकीला सासरी पोचवायला.

लिलावात शेळीची पाळी आली आणि मुकादम उठले. चर्चच्या मंडळीचे पंच ते, आणि अर्धी मंडळी त्यांच्याच टोळीतून ऊसतोडीला जायची, आपणसुद्धा. "शेळी आहे का मांजर?" ते म्हणतात, "बरगड्यांवर पोरं पाढे शिकतील." लोक हसतात. मग ते जी बोली लावतात, तेवढ्यात बरी कोंबडी आली नसती. एक वार. कोणी बोली वाढवत नाही. शेजारचा मामा तोंड उघडतो आणि मामी त्याच्या मांडीवर हात दाबते. दोन वार. मी उभा राहून म्हणालो, "ही चोरी आहे." तू गर्दीतून आलीस आणि सगळ्यांदेखत माझ्या थोबाडीत मारलीस. "देवाच्या घरात आवाज चढवतो व्हय रं? म्या शेळी ह्यांच्या हातात दिली नाय, त्याच्या हातात दिली." आणि मुकादम म्हणाले, "राहू द्या बाई, लेकरू आहे." माझ्यावर दया केली त्यांनी. तुझी चपराक मी विसरलो असतो, ती दया अजून गिळता येत नाही.

पुढे त्यांच्या पोरीच्या साखरपुड्याला ती शेळी कापली. दुभती शेळी कोणी कापतं का? आणि स्वयंपाकाला तुला बोलावलं, आणि तू गेलीस. पदर खोचून दिवसभर त्यांच्या चुलीपुढे. येताना रश्श्याचा डबा आणलास, माझ्यापुढे ठेवलास आणि म्हणालीस, "खा, देवाचं नाव घेऊन." मी विचारलं, "कुठल्या देवाचं?" तू चुलीतली राख काढत बसलीस. दुसऱ्या सकाळी मी हायवेच्या ढाब्यावर भांडी घासायला लागलो. शाळा तिथेच सुटली. तू गेलीस तेव्हा मी मुंबईत तंदूरवर होतो, पोचेपर्यंत माती झाली होती. ताई सांगते, मातीच्या वेळी चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, या बाईने खऱ्या मनाने प्रभूची सेवा केली. मुकादम पहिल्या बाकावर बसून मान डोलवत होते म्हणे. डोलवणारच. खऱ्या मनाची बाई त्यांना परवडली. मला एवढंच विचारायचंय, खरं मन म्हणजे डोळे मिटायचे का? तुझ्या देवाने ती शेळी पाहिली तरी का? की त्यालाही मुकादमाच्या टोळीत जायचं होतं?

इथे माझ्या खोलीजवळ एक चर्च आहे. तिथल्या पाळकबाई सायकलवरून आमच्याकडे डाळ खायला येतात. मागच्या गुरुवारी म्हणाल्या, रविवारी आमची हंगामाची उपासना आहे, नंतर सगळ्यांना भोपळ्याचं सूप असतं, करणारी बाई आजारी पडलीय, येशील का? मी त्यांच्याच भाषेत नाही म्हणालो, "नाइन. मी चर्चसाठी फुकट राबत नाही. माझ्या आईने राबून झालंय." त्या म्हणाल्या, "बरं, मग नको," आणि डाळ खाऊन गेल्या. थोडी विनवणी केली असती तर मला भांडता तरी आलं असतं. आमचा मालक जालंधरचा. तो म्हणाला, "छुट्टी के दिन सोया कर, संत मत बन."

रविवारी घंटा वाजली आणि मी गेलो. सूप करायला नाही, लिलाव बघायला. वेदीपुढे भोपळे, सफरचंदं, मोठाले पाव. बाक निम्मे रिकामे, बसलेली सगळी म्हातारी माणसं. संपल्यावर मी पाळकबाईंना विचारलं, हे विकणार कधी? त्यांना प्रश्नच कळेना. विकायचं कशाला, म्हणाल्या, थोड्याचं सूप, बाकीचं ज्यांना लागतं त्यांच्याकडे जातं. एवढं सोपं होतं, आई. मला आनंद व्हायला पाहिजे होता, पण असा संताप आला की मी मागच्या स्वयंपाकघरात निघून गेलो. तिथे एक आजी बोथट सुरीने भोपळ्याशी झटत होत्या. मी सुरी काढून घेतली. मग कांदा, आलं, थोडं जिरं. वाढताना मी रांगेत मुकादम शोधत होतो. चांगला कोट घातलेला एक जाडा माणूस आला, म्हटलं हाच. तो गुमान मागे उभा राहिला, खाऊन वाडगा स्वतः विसळून गेला. मला कोणावर तरी खेकसायचं होतं, आणि तिथे कोणी सापडेना.

हे मी ताईला पाठवणार नाही. ती तुझ्या कबरीपाशी मोठ्याने वाचेल, पाळकसाहेबांच्या कानावर जाईल, आणि ते उपदेशात सांगतील की बाईंचं पोरगं देवाकडे परत आलं. मी परत आलेलो नाही. ते सूप मी देवासाठी केलं नाही, तुझ्यासाठी केलं, तेही रागात. त्याला ते चालतं का, हे त्याचं तो बघेल. पाळकबाईंनी पुढच्या महिन्यात येशील का म्हणून विचारलंय. मी तोंडाने "बघतो" म्हणालो. तिथली ती बोथट सुरी मात्र घरी आणली होती, आज दुपारी तिला धार लावून ठेवली.